थकबाकीत गेलेला वऱ्हाड

हिंगोलीहून वाशीमला निघालं की वाटेत कनेरगाव नाका लागतो. त्याच्या आसपास कुठेतरी मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. खिडकीतून पाहणाऱ्याला ते कळत नाही. दोन्हीकडे काळी माती, तीच तूर, तेच सोयाबीन. सोयरिकी दोन्हीकडे आहेत, उरूस आणि जत्रा दोन्हीकडच्या माणसांनी भरतात. तरी सरकारी कागदात हे दोन वेगळे मुलूख आहेत. एकाचे विभागीय आयुक्त संभाजीनगरला बसतात, दुसऱ्याचे अमरावतीला. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमातही विदर्भ आणि मराठवाडा अशी दोन नावं वेगवेगळी लिहिलेली आहेत.

शाळेच्या पुस्तकात नदीला नैसर्गिक सीमा म्हणतात. पैनगंगा बऱ्याच लांबीपर्यंत या दोन भागांच्या मधून वाहते हे खरं. पण सिंदखेड राजा आणि जालना यांच्यामध्ये कुठली नदी आहे? जिजाऊंचं जन्मगाव विदर्भात आणि तिथून जवळचं जालना मराठवाड्यात, हे कोणत्या निसर्गाने ठरवलं? ही रेघ कोणा राजाने जिंकून आखलेली नाही, लोकांनी मागितलेलीही नाही. ती एका फौजेच्या पगाराच्या थकबाकीतून निघाली.

वऱ्हाड हा दख्खनेतला जुना आणि श्रीमंत सुभा. बहमनी सल्तनत फुटली तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाही उभी राहिली. १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. १५९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला वाचवण्यासाठी चांदबीबीने हाच वऱ्हाड अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, देऊन टाकला. घर वाचवायचं तर अंगणातलं झाड द्यायचं, असा तो व्यवहार. वऱ्हाडच्या नशिबी हे पुन्हा पुन्हा आलं.

१७२४ साली सिंदखेडजवळच्या साखरखेर्डा इथे निजाम-उल-मुल्कने दिल्लीचा सुभेदार मुबारिझखान याला मारलं आणि दख्खन जवळजवळ स्वतंत्र केली. त्या लढाईत पहिला बाजीराव निजामाच्या बाजूने होता. मराठे आणि निजाम म्हणजे कायमचे वैरी, असं ठोकून सांगणाऱ्यांनी साखरखेर्ड्याला एकदा जाऊन यावं. हैदराबादची आसफजाही एका अर्थाने वऱ्हाडच्या मातीत जन्मली, आणि त्या जन्माला मराठा घोडदळ हजर होतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून बादशाही फर्मानं घेऊन आले होते. दख्खनेच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क त्यांत होता आणि त्या सहांत वऱ्हाड होता. म्हणजे सुभा निजामाचा, पण वसुलीत वाटा मराठ्यांचा. हा वाटा पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि वाढत गेला. बऱ्याच महालांत शंभरातले साठ भोसल्यांचे आणि चाळीस निजामाचे, असा हिशेब चालायचा. याला दोअमली म्हणत. एकाच गावात दोन सरकारांचे अंमलदार यायचे. कुणब्याला हे सुखाचं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, दोनदा नाडला जाणारा तोच होता. पण आपल्या विषयासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळात राज्याची हद्द म्हणजे जमिनीवरची रेघ नव्हती. हद्द म्हणजे वाटा. एकाच शेतात दोन राज्यं नांदत होती.

रेघ आली ती १८०३ मध्ये, इंग्रजांबरोबर. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड, अशा तीन ठिकाणी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना मोडलं. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ओडिशातलं कटक-बालासोर सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. कंपनीने तो स्वतःकडे ठेवला नाही. आपला दोस्त म्हणून १८०४ मध्ये निजामाला दिला. गाविलगड, नरनाळा आणि भोवतालचा काही भाग भोसल्यांकडे उरला होता, तोही १८२२ च्या करारात निजामाकडे गेला आणि वर्धा नदी ही पक्की पूर्व सीमा ठरली.

निजामाला फुकटात अख्खा वऱ्हाड मिळाला, साठ-चाळीसची कटकट गेली. हैदराबादेत आनंद झाला असेल. पण जो दुसऱ्याचा मुलूख काढून तुम्हाला देऊ शकतो, तो तुमच्याकडून काढूनही घेऊ शकतो, हा तर साधा हिशेब आहे.

आता ती फौज. इथे जरा सावकाश जायला हवं, कारण पुस्तकांत दोन फौजांची सरमिसळ होते. पहिली तैनाती फौज. १७९८ च्या तहाने निजामाने ती स्वीकारली आणि १८०० साली तिच्या खर्चापोटी बेल्लारी, कडप्पा वगैरे जिल्हे कंपनीला कायमचे देऊन टाकले. तो हिशेब तिथे मिटला. १८०० च्या तहात आणखी एक कलम होतं. युद्ध झालं तर निजामाने आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीला पाठवायचं. युद्ध झालं तर. शांततेच्या काळात इंग्रज अफसरांच्या हाताखाली कायमची फौज पोसायची, असं त्यात कुठेही नव्हतं.

पण रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात नेमकी तशीच फौज उभी राहिली. लोक तिला रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे तिचं नाव पडलं हैदराबाद कंटिन्जंट. अफसर इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम अशा छावण्यांत ती राहायची. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जायचा. हैदराबादच्या खजिन्याला हे झेपणारं नव्हतं.

मग कर्ज. दिवाणगिरीचा कारभार राजा चंदूलाल यांच्या हातात होता आणि हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. ही पेढी शेकडा चोवीस-पंचवीस टक्क्यांनी निजाम सरकारला पैसे द्यायची, त्यातून इंग्रज अफसरांचे पगार व्हायचे. पेढीतला एक भागीदार गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरोब्यातला होता, त्यांनी सांभाळलेल्या मुलीचा नवरा. रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफने हा घोळ उघड केला तेव्हा कलकत्त्याला हादरे बसले. शेवटी १८२३ मध्ये पामरचं देणं फेडायला निजामाने काय दिलं? आंध्र किनाऱ्यावरच्या उत्तर सरकारांबद्दल कंपनी त्याला दरसाल सात लाख पेशकश देत होती. ती कायमची सोडून १ कोटी १६ लाख ६६ हजार रुपये एकरकमी घेतले आणि पेढीच्या पदरात टाकले. कंपनीची दरसालची देणेदारी संपली, निजामाचं दरसालचं उत्पन्न संपलं, आणि फौज जागच्या जागी राहिली.

मला या प्रकरणात निजाम सरकारची बाजू घ्यायची नाही. चंदूलालच्या कारभारात महाल इजाऱ्याने दिले जायचे, इजारदार रयतेला पिळायचा, अरब आणि रोहिले जमादार वसुलीला बसायचे. वऱ्हाडातली गावंच्या गावं ओस पडली ती याच काळात. नागपुरात भोसल्यांचं, हैदराबादेत आसफजाहांचं, दोन्ही दरबारांत रयत शेवटच्या पानावर होती. आपल्याकडे हा इतिहास हिंदू-मुसलमानांच्या चष्म्यातून वाचायची सवय लागली आहे. पण इथे राजा मुसलमान, दिवाण खत्री हिंदू, सावकार अर्धा इंग्रज, फौज सर्व जातिधर्मांची, आणि बिल फाडणारा मेहकर-रिसोडचा कुणबी. चष्मा कोणता लावायचा?

१८५० च्या सुमाराला ही थकबाकी फुगली आणि लॉर्ड डलहौसीने मुलूख मागितला. डलहौसीचं एक वैशिष्ट्य मान्य करायला हवं. ही फौज निजामाने पाळलीच पाहिजे असं १८०० च्या तहात नाही, हे त्याने स्वतः लेखी कबूल केलं होतं. कबूल करूनही त्याने मागणी सोडली नाही. वऱ्हाड हा हिंदुस्थानातला कापसाचा उत्तम टापू होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेवर विसंबून राहायचं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

चौथा निजाम नासिरुद्दौला आणि रेसिडेंट कर्नल लो यांच्या भेटी मार्च ते मे १८५३ या काळात झाल्या. लोने त्या लिहून ठेवल्या आहेत. निजामाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की बादशहाच्या दृष्टीने दोन गोष्टी नामुष्कीच्या. कारण नसताना बापजाद्यांचा मुलूख देणं, आणि इमानदारीने चाकरी केलेल्या फौजेला काढून टाकणं. त्याच्यासमोर नेमक्या याच दोन गोष्टी ठेवल्या होत्या, यातली एक उचला. कायमचा मुलूख द्यायला तो तयार नव्हता. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की हवं तर काही काळापुरता द्या, फौज हवी तोवर. तहातून 'कायम' हा अर्थ वगळला गेला. त्यातच फौज हलवण्याची भाषा सुरू झाली होती. २१ मे १८५३ ला सही झाली. काही दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. हाच तो पहिला सालारजंग. त्याचं पुढचं सगळं आयुष्य या सहीची दुरुस्ती करण्यात गेलं.

या तहाने वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब असा पन्नास लाखांच्या महसुलाचा मुलूख कंपनीच्या कारभारात गेला. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. खर्च वजा जाता जे उरेल ते दरसाल हिशेबासह निजामाला द्यायचं. इंग्रजांच्या कागदात या मुलखाचं नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. उर्दूत याला आपण मुफव्वजा म्हणू, म्हणजे सोपवलेला. सोपवलेली वस्तू परत मिळते, अशी आपली समजूत असते.

निजामाचाही एक उलट हिशेब होता. सिकंदराबाद आणि जालना छावण्यांची आबकारी, म्हणजे दारूवरचं उत्पन्न, इंग्रज वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवत आले होते. ते धरलं असतं तर थकबाकीतला बराच भाग तिथेच वळता झाला असता. पण हिशेबाची वही ज्याच्या हातात, बेरीज त्याचीच.

सुरुवातीला इंग्रजांनी या वऱ्हाडचे दोन जिल्हे केले. उत्तर वऱ्हाडचं ठाणं बुलढाणा आणि दक्षिण वऱ्हाडचं ठाणं हिंगोली. हो, हिंगोली! आज मराठवाड्याच्या अनुशेषाच्या यादीत असलेलं हिंगोली तेव्हा वऱ्हाडच्या एका जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. पुढे ते निजामाला परत केलं गेलं आणि वऱ्हाडची ठाणी अमरावती-अकोल्याला गेली. तिकडे धाराशिवच्या नळदुर्गला कारभारी म्हणून फिलिप मेडोज टेलर आला, ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच. १८५७ मध्ये त्याला तिथून बुलढाण्याला पाठवलं. नळदुर्ग आणि बुलढाणा हे त्या वेळी एकाच व्यवस्थेचे दोन भाग होते, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

१८५७ ला हैदराबादेत तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला, पण निजाम आणि सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचं इनाम २६ डिसेंबर १८६० च्या तहात मिळालं. पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर दुआब परत दिले. सुरापूरची जप्त झालेली जहागीर निजामाला मिळाली. बदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा काही मुलूख इंग्रजांनी घेतला. वऱ्हाड मात्र परत आला नाही. उलट त्याला थोडा भाग जोडून बत्तीस लाख महसुलाचा केला आणि तो इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून, म्हणजे अमानत म्हणून राहील असं लिहिलं. दरसाल हिशेब देण्याची अट मात्र काढून टाकली. उर्दूच्या वर्गात अमानत हा शब्द शिकवताना मी मुलांना सांगतो, अमानतमध्ये खयानत हा मोठा गुन्हा. ज्या अमानतीचा हिशेबच मागायचा नाही, तिच्यात खयानत झाली की नाही हे कळायचं कसं, हा प्रश्न मात्र १८६० सालचा आहे.

त्यानंतर कापसाचं युग आलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, भाव कडाडले, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, खामगाव आणि अमरावतीला फाटे गेले. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड ही म्हण सार्थ झाली. सालारजंगने वऱ्हाड मागणं सोडलं नाही. अर्ज केले, फौजेच्या खर्चासाठी रोख रक्कम ठेवायची तयारी दाखवली, १८७६ मध्ये इंग्लंडला जाऊन आला. उत्तर नाही असंच आलं. १८८३ मध्ये तो वारला.

मग कर्झन. ३० मार्च १९०२ ला हैदराबादेत त्याने सहावा निजाम महबूब अली खान यांची एकट्याने भेट घेतली. सालारजंग नव्हता, कागद दाखवणारं कोणी नव्हतं. ५ नोव्हेंबरला करार झाला. वऱ्हाड दरसाल पंचवीस लाख रुपयांवर कायमचा इजाऱ्याने इंग्रजांना. जो शब्द पन्नास वर्षांपूर्वी म्हाताऱ्या नासिरुद्दौलाने गळू दिला होता तो नातवाच्या कराराने परत आला. नववर्षाच्या दिल्ली दरबारात महबूब अली खानांना जीसीबी हा किताब मिळाला. हैदराबादेत त्याचा अर्थ लावला गेला, 'गेव्ह कर्झन बेरार'. कर्झनला वऱ्हाड दिला! हरलेल्या शहराकडे विनोद तेवढा उरतो.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला. मराठी अकोला आणि हिंदी जबलपूर एका प्रांतात आले. आणि त्याच वर्षी ती हैदराबाद कंटिन्जंट, जिच्या पगारासाठी हे सगळं झालं होतं, बरखास्त करून हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली. फौज गेली. फौजेचा गहाण मुलूख मात्र सुटला नाही.

वऱ्हाडच्या माणसाचा कायदेशीर दर्जाही त्यामुळे विचित्र होऊन बसला. तो ब्रिटिश हिंदुस्थानात राहायचा, पण त्याची जमीन कागदोपत्री निजामाची. कायदे त्याला थेट लागू होत नसत, गव्हर्नर जनरलच्या हुकमाने लावावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर कौन्सिलच्या निवडणुका झाल्या तेव्हा वऱ्हाडचे सभासद निवडून तर यायचे, पण कायद्याच्या भाषेत ते निवडलेले नसत. निवडून आले म्हणून सरकारने नेमलेले, अशी त्यांची नोंद व्हायची.

सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, १९२३ मध्ये लॉर्ड रीडिंगला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाडला स्वराज्याचे हक्क देऊ, असंही त्यात होतं. वऱ्हाडातल्या बहुतेक पुढाऱ्यांना ते पटलं नाही आणि ते मला समजू शकतं. स्वतःच्या राज्यात ज्याने लोकांना कौन्सिल दिलं नाही, तो दुसरीकडे स्वराज्य देईल यावर कोण विश्वास ठेवणार? मार्च १९२६ मध्ये रीडिंगचं उत्तर आलं. त्याने वऱ्हाडची चर्चा बाजूला सारली आणि ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, असं सुनावलं. ज्या तहावर बरोबरीच्या दोन पक्षांनी सह्या केल्या होत्या, त्याच तहाबद्दल हे उत्तर होतं.

१९३६ मध्ये मात्र इंग्रजांनी एक शोभेची वस्तू दिली. निजामाची पदवी झाली 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' आणि युवराज आझम जाह झाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. वऱ्हाडात युनियन जॅकच्या शेजारी आसफजाही झेंडा फडकवायचा, आणि मशिदींतून निजामाच्या नावाने खुतबा पढायचा, हेही मान्य झालं. जुम्म्याच्या खुतब्यात नाव निजामाचं, शेतसारा मध्य प्रांताच्या तिजोरीत. या आझम जाहची बेगम म्हणजे दुर्रे शहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. ओस्मानी घराण्यातली ही शहजादी उरलेल्या आयुष्यात प्रिन्सेस ऑफ बेरार म्हणून ओळखली गेली. २००६ मध्ये लंडनला वारली तेव्हाही.

वाड्यांतल्या किताबांशी आपल्याला फार देणंघेणं नाही. रेघेचा खरा हिशेब पुढे चुकता झाला, १९४७-४८ मध्ये.

तोवर शंभर वर्षांत या रेघेच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं झाली होती. इकडे निजामी राज्यात हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव. इकडे हद्दीवर करोडगिरीचे नाके. इकडे फसली साल. १८८० च्या दशकात निजामी राज्यातली दफ्तरं फारसीतून उर्दूत गेली. तिकडे वऱ्हाडात कचेरीची देशी भाषा मराठी. एकाच घरातला चुलता सेनगावकडे आणि पुतण्या रिसोडकडे असेल तर एकाचा कागद उर्दूत, दुसऱ्याचा मराठीत. सभा, वर्तमानपत्रं, निवडणुका तिकडे होत्या, इकडे सभेला परवानगी लागायची.

म्हणून रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातली हिंदू कुटुंबं गाडी जुंपून वऱ्हाडात गेली. स्टेट काँग्रेसचे कॅम्प हद्दीपलीकडच्या गावांत होते. १८५३ सालच्या त्या जबरदस्तीच्या तहाने त्यांना आसरा दिला असं म्हणावं लागतं. इतिहास असा सरळ वागत नाही.

आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद राज्यात शिरली तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. पाच दिवसांत निजामाने शरणागती दिली. त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव जे झालं, त्याबद्दल आमच्या घरांतली म्हातारी माणसं मोजकंच बोलत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती नेहरूंनी पाठवली होती. तिच्या अंदाजाने कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे तिने नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. कितीतरी ठिकाणी शेजारच्या हिंदूंनी मुसलमान बायका-मुलांना घरात लपवून वाचवलं, तेही त्या अहवालात आहे.

उस्मानाबाद म्हणजे धाराशिव. १८६० मध्ये वफादारीचं इनाम म्हणून निजामाला परत मिळालेला तोच मुलूख. तो परत मिळाला नसता तर? वऱ्हाडसारखाच तो इंग्रजी अंमलात राहिला असता, १९४७ ला सरळ भारतात आला असता, तिथे ना रझाकार असते ना पोलीस ॲक्शन. रझाकारांनी लुटलेला तिथला हिंदू आणि सप्टेंबरात मारला गेलेला तिथला मुसलमान, दोघांचंही नशीब कलकत्ता आणि हैदराबादच्या मधल्या एका इनामपत्रात अडकलेलं होतं. दोघांपैकी कोणाच्या आजोबाला त्या तहाबद्दल विचारलं नव्हतं. वाशीम-पुसदच्या मुसलमानाच्या आठवणीत १९४८ हे साल वेगळं आहे आणि नांदेड-धाराशिवच्या मुसलमानाच्या आठवणीत वेगळं. मुस्लिम समाज म्हणून आपण एका सुरात बोलतो तेव्हा ही रेघ आपल्याही आतून जाते, याचा विसर पडतो.

१९५६ मध्ये भाषावार रचना झाली. त्याआधी राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, ते झालं नाही. मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि १९६० ला महाराष्ट्रात. शंभर वर्षांनी हिंगोली आणि वाशीम एका राज्यात आले, पण दोन विभागांत.

रेघ अजून काम करते आहे. मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्न पेटला तेव्हा सरकारने २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. विदर्भात ज्याच्या पणजोबाची जात मराठी दफ्तरात सरळ कुणबी म्हणून सापडते, त्याच्याच मराठवाड्यातल्या भाऊबंदाला उर्दू आणि मोडीतले बस्ते उलटावे लागले. एकाएकी उर्दू वाचणाऱ्यांची किंमत वाढली. एरवी उर्दूचा फलक दिसला तरी कपाळाला आठ्या घालणारी माणसं अदबीने 'सर, एवढं वाचून द्या' म्हणत आली. मीही बरेच कागद वाचून दिले, पैसे न घेता. मोडी मला येत नाही, ती दुसऱ्याकडे पाठवली.

त्यातले एक आजोबा लक्षात राहिले. त्यांची जमीन हद्दीवर, थोडी सेनगाव तालुक्यात, थोडी रिसोड तालुक्यात. पिशवीतून त्यांनी दोन कागद काढले. रिसोडकडचा मराठीत होता, तो त्यांनी स्वतःच मला वाचून दाखवला, अडखळत, बोट फिरवत. सेनगावकडचा उर्दूत. त्यावर फसली साल होतं, हाली रुपयांत सारा होता आणि त्यांच्या आजोबांचं नाव होतं. ते नाव मी वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि कागद हातात घेऊन विचारलं, यातली कोणती अक्षरं म्हणजे आमचं नाव, ते दाखवा. मी पेन्सिलीने खाली बारीक रेघ मारून दिली.